नानांच्या नावापुढचा कॉम्रेड कुठं गेला?

3 ऑगस्टला वाळव्याकडं गावी होतो, क्रांतिसिंह नाना पाटलांची जयंती. चौकात मोठा फ्लेक्स, फेटा बांधलेले नाना वर कोपऱ्यात आणि खाली दोन ओळी भरून भावी सरपंच, भावी झेडपी मेंबर, त्यातले निम्मे एकमेकांच्या विरोधातले. मी उगाच शोधत बसलो, लाल रंग कुठं दिसतोय का. नव्हता.

म्हणजे बघा, नाना 1957 ला साताऱ्यातनं खासदार झाले ते कम्युनिस्ट पक्षाचे, आणि 1967 ला तर थेट बीडमधनं, तेही कम्युनिस्टच. सातारचा माणूस मराठवाड्यात जाऊन निवडून येतो, आज पलीकडच्या तालुक्यातला उमेदवार दिला तरी लोक बाहेरचा म्हणून बोंब मारतात. पण आमच्या गावात कुणालाही विचारा, नाना म्हणजे पत्री सरकार, इंग्रजांच्या राज्यात गावोगाव चालवलेलं समांतर सरकार, विषय संपला.

आणि ते 'पत्री' सुद्धा लोकांनी चिकटवलेलं. बैलाला पत्र्या ठोकतात तशा खबऱ्यांच्या पायाला ठोकायचे म्हणे, लहानपणी ऐकून अंगावर काटा यायचा. खरं तर तळव्यावर काठीचे फटके असायचे, आणि त्यांचं स्वतःचं नाव होतं प्रति सरकार. 1943 ते 46, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचं सांगली पण त्यातच आलं. तुफान सेना म्हणजे प्रति सरकारचं लढाऊ दल, शेणोलीजवळ लुटलेली रेल्वे हे सगळं पोरांना आवडतं, मलाही आवडायचं. पण माझी आजी सांगायची ते वेगळंच. ती सांगायची न्यायदान मंडळाबद्दल, बांधाचं भांडण कोर्टात न नेता गावातच मिटवायचे, सावकाराला बोलावून घ्यायचे. आणि गांधी लग्न! तिचं स्वतःचं तसंच झालेलं, दोन हार, ना वाजंत्री ना हुंडा, "कर्ज न्हाई झालं बापाला" हे ती शेवटपर्यंत सांगायची.

आता यात एक गोची आहे जी डावे मित्र पण टाळतात. 42 च्या चलेजावला कम्युनिस्ट पक्षाचा विरोध होता, त्यांच्या लेखी तेव्हा चाललेलं दुसरं महायुद्ध हे लोकयुद्ध. आणि नाना तेव्हा भूमिगत, इंग्रज मागावर, घर-जमीन जप्त. प्रति सरकार काही कम्युनिस्टांनी चालवलेलं नव्हतं. मग हा माणूस नंतर आधी शेकापमध्ये (शेतकरी कामगार पक्षात) आणि तिथनं त्याच पक्षात कसा गेला? मला वाटतं उत्तर आजीच्या गोष्टीतच आहे. इंग्रज गेले पण सावकार, कुळ, ऊस, मजुरी हे तिथंच राहिलं, आणि तलाठ्याची नोकरी केलेल्या माणसाला सात-बारावर कुणाचं नाव आहे आणि राबतोय कोण हे कुणी वेगळं समजावून सांगायला नको. माझा अंदाज आहे, पटत नसेल तर भांडा.

त्यांच्या लेकीकडं, हौसाताईंकडं बघितलं तरी हेच दिसतं. त्याही भूमिगत चळवळीत होत्या, आणि 2018 मध्ये नव्वदी ओलांडल्यावर सुद्धा दिल्लीतल्या शेतकरी मोर्चाला पाठिंबा देत होत्या. फ्लेक्सवर त्यांचा फोटो नव्हता.

सोयीचे तेवढे नाना आपण ठेवले, इंग्रजांशी लढलेले, कारण इंग्रजांना आता मत नाही. जमीन कुणाची विचारणारे नाना अडचणीचे. नाव मात्र भरपूर दिलंय, साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज. अर्थात साताऱ्यात त्याला सगळे 'सिव्हिल'च म्हणतात.

त्याच दिवशी संध्याकाळी चुलतभावाच्या लग्नाची बैठक होती. डीजे, ड्रोन, दोन हजार पानं. जमिनीवर कर्ज काढायचं ठरलं. मी आजीच्या लग्नाचा विषय काढला तर काका म्हणाले, "तवाचं निराळं हुतं बाबा, आता लोक काय म्हनतील?" त्या चौकातल्या फ्लेक्सवर काकांचा पण फोटो होता, डावीकडनं तिसरा.