मामा, तू लांबनं सांग

आमची भाची पाच वर्षांची, तिला कानात गुपित सांगायचा खेळ लई आवडतो. दिवाळीत मी वाकून तिच्या कानात कायतरी कुजबुजलो तर ही बया नाक धरून म्हणते, मामा तू लांबनं सांग. सगळे हसले, मी पण हसलो, पण आतनं पार गार झालो. कारण महाद्वार रोडवर कापडाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाईकाशी बोलायचं काम माझं, म्हणजे किती जणांनी गप्प सोसलं असंल देव जाणे.

मग मेडिकलमधनं अँटिसेप्टिक गोळ्या आणल्या, त्याच ओ, घसा धरला की चघळतो त्या. पाकिटावर वाचलं, एका गोळीत डायक्लोरोबेंझाइल अल्कोहोल १.२ मिलिग्रॅम आणि अमाईलमेटाक्रेसॉल ०.६ मिलिग्रॅम. म्हटलं जंतू मेले की वास गेला, विषय संपला! अर्धा तास झ्याक वाटायचं आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न, असं महिनाभर चाललं.

शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी जीभ बाहेर काढायला लावली आणि आरशात दाखवलं, पार मागं पांढरट थर. तिथं हवा पोचत नाही, म्हणून ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू माजतात, अन्नाचे कण कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात, त्यातला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे थेट सडक्या अंड्याचा वास. गोळीनं लाळ सुटते, वास झाकतो, पण थर तिथंच आणि हिरडीखालचं किटणपण तिथंच. वर माझ्या गोळीत साखर, म्हणजे वास घालवायला जाऊन दात किडवायचा धंदा.

किटण काढून घेतलं. आता रोज टंग क्लिनर मागपर्यंत फिरवतो, पहिले चार दिवस अशी उबळ यायची की बायको बाहेरनं विचारायची, काय झालं ओ? क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिलेला पण थोडेच दिवस, जास्त वापरला की दातावर तपकिरी डाग पडतात. आपला वास आपल्याला कळत नाही म्हणून मनगट चाटायचं, वाळू द्यायचं आणि हुंगायचं. दुकानात हे मी ट्रायल रूममध्ये जाऊन करतो, कुणी बघितलं तर काय म्हणंल!

भाची आता कान देते. फक्त रविवारी नाही, तांबड्या-पांढऱ्याबरोबर कच्चा कांदा लागतोच आणि कांदा-लसणाचा वास रक्तातनं फुफ्फुसात जाऊन श्वासाबरोबर बाहेर येतो, तिथं टंग क्लिनर तरी काय करणार. गुपितं सोमवारी.