बांधावरचा अबोला

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आठवणी लिहा, असं पत्र आलं. आम्ही काही माजी विद्यार्थी गावातच शेती करतो आणि तंटामुक्त समितीच्या कामात असतो. शाळेतलं आज सगळ्यात जास्त कुठलं शिक्षण उपयोगी पडत असेल, तर ते श्रमदानाच्या तासाचं. ज्यांच्या घरात भाऊबंदकीमुळे बोलणं बंद, अशी दोन पोरं गुरुजी मुद्दाम माती वाहायच्या एका पाटीला लावायचे. एकाने माती भरायची, दुसऱ्याच्या डोक्यावर पाटी चढवायला हात द्यायचा. भांडणाचा विषय गुरुजी काढतच नसत.

बांधाच्या वादात आधी हेच करावं लागतं. वाद असतो तरी केवढा? ६०० फूट लांबीचा बांध एका फुटाने सरकला, तर ६०० चौरस फूट जातात. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त. बांध एका दिवसात कुणी कोरत नाही. दर नांगरटीला नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, शेजाऱ्याच्या बाजूला जास्त जातं, हद्दीचा दगड उपटून बाजूला पडतो, आणि लक्षात येईपर्यंत बोलणं बंद झालेलं असतं. पूर्वी अबोला फार टिकत नसे, कारण नांगरट मागे पडली की इर्जिक घालावी लागे. शेजाऱ्यांचे बैल यायचे, घरधनी जेवण घालायचा, आणि एका पंगतीत बसलेली माणसं बोलल्याशिवाय उठत नसत. ट्रॅक्टर आल्यापासून शेजाऱ्यावाचून कुणाचं अडत नाही. म्हणून देवघेव आता ठरवून सुरू करावी लागते.

ती लहान हवी आणि समोरच्याला फेडता येईल अशी हवी. गाय व्याली की चिकाचा तांब्या शेजारी जातो. अबोल्याच्या घरीही तो पाठवावा, पण गड्याच्या हाती नको. घरातल्या बाईने तिथल्या म्हातारीच्या हातात द्यावा. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही रीत आपल्याकडे अजून आहे. तांब्या मूठभर शेंगदाणे नाहीतर चिमूटभर साखर घेऊन परत आला, की समजावं, दार उघडं आहे. रिकामाच आला तरी रागवायचं नाही. पुढचं निमित्त बघायचं.

शेतातलं सगळ्यात चांगलं निमित्त रात्रीच्या लायटीचं, म्हणजे मोटरला वीज रात्री असते तेव्हाचं. सामाईक विहिरीवर एकाची पाळी संपते, दुसऱ्याची लागते. मोटर बंद करून निघून जाण्याऐवजी दुसऱ्याचा कॉक फिरवून, त्याच्या पाटात पाणी लावून, "पाणी चालू केलंय" एवढं सांगितलं, की त्या माणसाची अंधारातली एक खेप वाचते. रात्री दारं धरणाऱ्याला, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्याला, याची किंमत बरोबर कळते. संक्रांतीचा तिळगूळ आणि दसऱ्याचं सोनंही इथे मोलाचं आहे, कारण त्या दिवशी धाकट्याने थोरल्याच्या पाया पडायला जायचंच असतं. माघार कुणी घेतली, हा प्रश्नच उरत नाही. दुखवट्याच्या घरी पिठलं-भाकरी तर अबोला असला तरी गेलीच पाहिजे. त्या दिवशी न गेलेला माणूस लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

हे बिघडतं ते घाईने. तांब्या दिला आणि दुसऱ्याच दिवशी बांधाचा विषय काढला, की तो तांब्या लाच ठरतो. चार माणसांत "मी त्यांना पाणी दिलं" असं बोललं, की त्याचा उपकार होतो, आणि उपकार कुणालाच सहन होत नाही. मधला माणूस इकडचं तिकडे सांगणारा निघाला, तर सगळं मुसळ केरात. म्हणून निरोप्या नकोच.

पण माणुसकीने हद्द ठरत नाही, हेही तितकंच खरं. बोलणं सुरू झालं की दोघांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. एकट्याने केलेल्या अर्जाची नोटीस शेजाऱ्याच्या हातात पडली, की त्याला ते युद्धच वाटतं. शेत रिकामं असताना, एप्रिल-मेमध्ये मोजणी घ्यावी. उभ्या पिकात दगड सापडत नाहीत आणि पीक तुडवल्याचा नवा वाद होतो. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून गावातच समजुतीने मिटवायला समिती आहे. मात्र आमच्या मते समितीपुढे यायच्या आधी दोन घरांत निदान चहा झालेला असावा. नाहीतर सह्या होतात आणि पुढच्या मृगाला भांडण पुन्हा उभं राहतं.

समजुतीच्या कागदावर गट नंबर, बांधाची रुंदी, बांधावरची झाडं कुणाची आणि गाडीवाट कुठून, एवढं लिहावंच. झाडांचं राहून गेलं, तर आंब्याच्या मोसमात सगळं उसवतं. हद्दीचे दगड निम्मे जमिनीत पुरावेत आणि वरच्या भागाला चुना लावावा. भाड्याच्या ट्रॅक्टरचा चालक परगावचा असतो, त्याला बांध कुठला ते ठाऊक नसतं. पहिल्या नांगरटीला दोन्ही घरचं एकेक माणूस बांधावर उभं राहू द्या, आणि ट्रॅक्टरवाल्याचं जेवण त्या दिवशी शेजाऱ्याच्या घरून येऊ द्या.