चार तासांत दीपगृह

कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या मेळाव्यात, गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरची खरी झुंज राक्षसांशी नसते, घड्याळाशी असते. घरच्या मोहिमेत अर्धवट राहिलेली लढाई पुढच्या वेळी संपवता येते. इथे स्लॉट चार तासांचा, आणि तो संपला की त्याच टेबलावर दुसरी मंडळी येऊन बसणार. ओळखी आणि नियमांत पंधरा मिनिटं जातात, मधल्या सुट्टीत दहा, आवराआवरीत पंधरा. खेळायला उरतात तीन तास वीस मिनिटं.

शनिवारी सात ते अकराच्या स्लॉटमध्ये मी ‘दीपगृह’ चालवत होतो. साहस माझंच, नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रांच्या भूमिका घेऊन फासे टाकत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे. तस्करांनी दिवा विझवलाय, जहाजं खडकावर आपटताहेत, दिवा पुन्हा पेटवायचा. खुर्च्या सहा. नोंदणी केलेल्यांपैकी चौघेच आले, म्हणून बाहेर ताटकळणाऱ्या दोघांना आत घेतलं. दोघांनीही आयुष्यात कधी वीस बाजूंचा फासा हातात धरला नव्हता.

सहा जणांसाठी मी आठ तयार पात्रं नेतो, म्हणजे शेवटी निवडणाऱ्यालाही तिघांतून एक घेता येतं. सगळी तिसऱ्या पातळीची. पहिल्या पातळीचा जादूगार जेमतेम सात-आठ हिट पॉइंटचा, म्हणजे तेवढी इजा झाली की आडवा. गॉब्लिन या बुटक्या राक्षसाचा एक क्रिटिकल (दुप्पट फाशांचा वार) बसला की खेळाडू पुढचा अर्धा तास बघ्या. पाचव्या पातळीला मंत्रांची यादी इतकी लांबते की नवखा वाचतच बसतो. पात्राच्या शीटवर हल्ल्याची ओळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत: ‘+५, लागला तर १डी८+३’, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात पाच मिळवायचे, वार लागला तर आठ बाजूंच्या फाशात तीन मिळवून तेवढी इजा. मागच्या बाजूला मंत्रांचा पूर्ण मजकूर, शेजाऱ्याच्या पात्राशी नातं सांगणारं एक वाक्य. सामानाचं वजन, नाणी, भाषा हे सगळं मी काढून टाकतो. ते पाहायला कुणाला सवड नसते.

तयार पात्रांची ही रीत जुनी आहे. जेन कॉन हे अमेरिकेतलं खेळांचं कन्व्हेन्शन १९६८ साली सुरू झालं, डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला, आणि त्याच दशकात कन्व्हेन्शनांत स्पर्धा होऊ लागल्या: साहस तेच, वेळ तेवढीच, संघ वेगवेगळे. पात्रं बनवण्यात तास घालवणं तेव्हाही परवडणारं नव्हतं.

टेबलाच्या मध्यभागी एक्स-कार्ड, म्हणजे ‘X’ लिहिलेलं कार्ड ठेवलं. कुणी त्याला हात लावला की चालू असलेला मजकूर वगळायचा, कारण विचारायचं नाही. हे सांगायला एक मिनिट पुरतं, आणि अनोळखी माणसांच्या टेबलावर ते मिनिट मी कधीच वाचवत नाही. नवख्यांना माझ्या दोन्ही बाजूंना बसवलं. हॉलमध्ये शेजारच्या टेबलांचा एवढा गलका असतो की लांब टेबलाच्या पलीकडच्या टोकाला अर्धं वाक्यच पोचतं. त्या टोकाशी बोलताना मी उभाच राहतो.

सुरुवात खानावळीत गप्पा मारत नाही केली. पहिल्याच वाक्याला होडी खडकावर आपटली. सव्वासातला सगळ्यांच्या हातात फासे होते.

दीपगृहाच्या दारात सहा गॉब्लिन. आर्मर क्लास (वार लागायला गाठायची बेरीज) १५, हिट पॉइंट सात. +५ ने मारायचं तर फाशावर दहा किंवा जास्त हवेत, म्हणजे ५५ टक्के. सहा वारांत तीन-साडेतीन लागतात, त्यांतले दोनच एका फटक्यात मारतात. तेव्हा तीन फेऱ्या धराव्या लागतात. खेळाडूंची दोन-दोन मिनिटं आणि माझी तीन मिळून एक फेरी पंधरा मिनिटांची. माझ्या कागदावर या लढाईसाठी पाऊण तास लिहिलेला होता.

तलवारबाज घेतलेल्या नवख्या मुलीने तलवार काढलीच नाही. “यांना पगार कोण देतं?” तिने विचारलं.

मुरलेल्या चौघांच्या डोक्यात हे आलं नव्हतं. कागदावर उत्तर नव्हतं, पण तस्करांनी मजुरी थकवली असणार हे उघडच होतं. मी म्हटलं, फूस लावून बघ, बेरीज १५ झाली पाहिजे. तिचा करिश्मा जेमतेम +१, म्हणजे फाशावर चौदा हवेत: ३५ टक्के. शेजारच्या पुजाऱ्याने मदत केली, तेव्हा अ‍ॅडव्हान्टेज, दोन फासे टाकून मोठा धरायचा. शक्यता लगेच ५८ टक्क्यांच्या आसपास गेली. पडले नऊ आणि सोळा. पाऊण तासाची लढाई दहा मिनिटांत मिटली.

आता दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे हाती आलेली पस्तीस मिनिटं. खेळ लवकर संपला तर खेळाडूंना फसल्यासारखं वाटतं, म्हणून मधले दोन प्रसंग मी असे लिहितो की ते घातले काय नि वगळले काय, शेवटाला धक्का लागत नाही. भरतीचं पाणी चढणारी गुहा आत घातली. दुसरी अडचण सहा नवे मित्र, म्हणजे आमच्या बाजूला आलेले गॉब्लिन. लढाईत त्यांचेही वार मोजायचे तर प्रत्येक फेरी लांबणार. त्यांना एकच काम दिलं: खालचा जिना अडवून धरा. ते तिथेच राहिले, त्यांच्यासाठी एकदाही फासा पडला नाही.

दिव्याचं भिंग कुठे लपवलंय याचा धागा तीन ठिकाणी होता. शोधण्याची शक्यता ४० टक्के असेल तर एकाच जागी ठेवलेला धागा दहांत सहा वेळा निसटतो. तिन्ही ठिकाणी निसटण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या खाली येते. मला तेवढीही चालत नाही. धागा मिळतोच, फासा फक्त किंमत ठरवतो. इथे हुकला, म्हणून वरच्या पहारेकऱ्याला चाहूल लागली.

शेवटची लढाई नऊ पन्नासला लागली. वार आणि इजेचे फासे एकत्र टाकायचे, माझ्या बाजूची इजा सरासरीनेच, आणि “आता तू, पुढे पुजारी” असं दरवेळी मोठ्याने. मिनिटभरात ठरलं नाही तर पात्र बचावाचा पवित्रा घेतं. हा नियम आधी सांगितला तरच चालतो, मध्येच लादला की भांडण. जादूगाराचा खेळाडू दोनदा मंत्रांत अडकला. दुसऱ्यांदा नियम लावावा लागला, आणि तो हसत “बरोबर” म्हणाला.

तस्करांच्या कप्तानाला मारणं ही जिंकण्याची अट नव्हती, दिवा पेटणं ही होती. अशी अट असली की शत्रूचे उरलेले हिट पॉइंट संपवत बसावं लागत नाही. दहा अडतीसला दुसऱ्या नवख्याने कप्तानाच्या बगलेतून निसटून ज्योत लावली, तेव्हा कप्तान बावीस हिट पॉइंटवर ठणठणीत होता. कोण कुठे गेलं, गॉब्लिनांना मजुरी मिळाली का, हे प्रत्येकाने एकेका वाक्यात सांगितलं. पावणेअकराला मी शीट आणि पेन्सिली गोळा करत होतो.

रविवारी सकाळी हाच खेळ दुसऱ्या सहा जणांपुढे होता. दारात बोलणी झालीच नाहीत, लढाई पुरत्या तीन फेऱ्या चालली, आणि गुहेचे कागद पिशवीतच राहिले.