रविवारी हातोडा बंद: म्युनिकमधून कोल्हापूरकरांसाठी सुपरहिरोचं कवच

जर्मनीत रविवारी पत्र्यावर हातोडा मारता येत नाही. हा सोसायटीच्या सेक्रेटरीने काढलेला फतवा नव्हे, याची मुळं थेट राज्यघटनेत आहेत. १९१९ च्या वायमार घटनेच्या १३९ व्या कलमाने रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखून ठेवला आणि १९४९ च्या घटनेने १४० व्या कलमातून ते कलम तसंच पुढे चालू ठेवलं. त्यात भर म्हणून रोज रात्री १० ते सकाळी ६ शांतता. बऱ्याच इमारतींच्या नियमावलीत दुपारी १ ते ३ सुद्धा. म्युनिक ज्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात आहे तिथे दुकानं रात्री ८ ला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, म्हणजे शनिवारी रात्री चार रिवेट कमी पडले तर थेट सोमवार. नोकरी करणाऱ्या माणसाने पत्रा ठोकायचा कधी, याचं उत्तर घटनेत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रविवारीही एखादा मेस्त्री शटर अर्धं वर करून बसलेला सापडतो आणि त्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

गावाकडची पोरं विचारतात की अंगात घालून मिरवणुकीत चालता येईल असं सुपरहिरोचं कवच, फोमचं नव्हे, खऱ्या धातूचं, घरच्या हत्यारांवर होतं का. होतं. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, लागत नाही, वेल्डिंगही लागत नाही.

आधी पत्रा. अंगावर धातू येतो साधारण दीड चौरस मीटर, एकावर एक येणारे भाग धरून. १ मिमी लोखंडी पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, म्हणजे नुसता पत्राच जवळजवळ १२ किलो. १८ गेजचं, म्हणजे १.२ मिमीचं, अ‍ॅल्युमिनियम चौरस मीटरला सव्वातीन किलो, म्हणजे एकूण पाच. चामडं, फोम, बकल धरून आठ किलोच्या आत काम बसतं. पंधराव्या शतकातली युरोपातली पूर्ण चिलखतं १५ ते २५ किलोंची असत हे खरं, पण ती घालणारे लहानपणापासून त्याचाच सराव करत. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच घ्या, आणि मऊ जातीचं: १०५० किंवा ११०० नंबर, अर्धकडक. ६०६१ टी६ नावाचं कडक अ‍ॅल्युमिनियम भारी वाटतं, पण घट्ट वळणाला तडकतं. कोपर, गुडघा आणि हेल्मेटला त्याहून जाड १६ गेज घ्यावं, कारण खोलगट ठोकताना पत्रा पातळ होतो. १८ गेजची ८ बाय ४ ची एक शीट जवळपास तीन चौरस मीटर असते. त्यात हे १६ गेजचे भाग सोडून बाकीचं कवच आणि चुकवायला भरपूर तुकडे मिळतात. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्त म्हणून घेऊ नका. तापवला की जस्ताचा धूर होतो आणि त्याने रात्री थंडी वाजून ताप येतो.

आता रविवारचं काम. पुठ्ठ्याला आवाज नसतो. जुना टी-शर्ट घाला, त्यावर स्वयंपाकघरातली चिकटफिल्म गुंडाळा आणि वरून दुसऱ्याकडून कापडी चिकटपट्टीचे दोन थर मारून घ्या. त्यावर मार्करने छाती, पाठ, खांदा, कंबर यांच्या रेषा काढा, मध्यरेषा आणि उभ्या खुणाही काढा. मग मागून कापून हा साचा उतरवा, रेषांवर तुकडे करा, सपाट करून जाड पुठ्ठ्यावर उतरवा. सपाट होत नसलेला तुकडा म्हणजे तिथे पत्रा ठोकून फुगवावा लागणार किंवा दोन तुकड्यांत करावा लागणार. हे पुठ्ठ्यावर कळलं तर फुकट कळतं.

इथे सगळ्यात जास्त कवचं बिघडतात ती मापात. आत ६ मिमी फोम आणि ४ मिमी कपडा-हवा धरली तर पत्रा अंगापासून १० मिमी लांब राहतो. म्हणून लोक घेरात १० मिमी वाढवतात. घेर वाढतो त्याच्या सहा पटींहून जास्त: १० गुणिले २ गुणिले ३.१४, म्हणजे ६३ मिमी. दंडाचा घेर ३०० असेल तर पत्रा ३६३ चा लागतो आणि वर जोडाला २० मिमी. हा हिशोब न केलेला दंड हातात जातो, पण हात वाकवला की स्नायू फुगून अडकतो.

पुठ्ठ्याचं अख्खं कवच चिकटपट्टीने जोडून अंगात घाला आणि खुर्चीत बसा. छातीचं पान बेंबीच्या खाली गेलं असेल तर बसताना ते मांडीवर टेकून वर सरकतं आणि वरची कड गळ्याला लागते. ते बेंबीच्या दोन-तीन बोटं वर संपवा, खालचं पोट वेगळ्या पट्ट्यांनी झाका. मांडीला पत्रा फक्त पुढून आणि बाहेरून असावा, मागे आणि आत मोकळं. मनगटापासून कोपरापर्यंतच्या पत्र्याला कोपराच्या आतल्या बाजूला ३०-४० मिमीची खाच लागते, नाहीतर हात तोंडापर्यंत येत नाही, म्हणजे पाणी पिता येत नाही. बगलेत वाटतं त्यापेक्षा जास्त कापावं लागतं. दोन्ही हात समोर आणून टाळी वाजली तर छाती बरोबर. एवढं सगळं पुठ्ठ्यावर झाल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही. आपल्याकडे मात्र पत्रा आणला की त्याच संध्याकाळी हातोडा सुरू होतो. (म्हणून रविवारच्या नियमाचं कौतुक केलं असं समजू नका. पुठ्ठा शनिवारीही कापता येतो.)

पत्र्यावर खुणा मार्करनेच करा. टोकदार खुणकाडीने वळणाच्या रेषेवर ओरखडा काढला तर अ‍ॅल्युमिनियम नेमका तिथेच तडकतो. कापायला तीन पत्राकात्र्या: लाल मुठीची डावीकडच्या वळणाला, हिरवी उजवीकडच्या, पिवळी सरळ. कात्री टोकापर्यंत पूर्ण मिटायची नाही, प्रत्येक चाव्याच्या शेवटी ती एक दातरा सोडते आणि तोच पुढे बोट कापतो. लोखंडाचं कटिंग व्हील अ‍ॅल्युमिनियमवर चालवू नका, चाक भरून बसतं आणि तापतं. कापून झालं की अर्धगोल कानस, मग १२० आणि २४० चा पॉलिश पेपर.

भोकं पाडताना पत्रा लाकडावर क्लॅम्पने घट्ट धरलेला हवा. ड्रिल आरपार जाताना पत्र्यात अडकतं, हातात धरलेला पत्रा गरकन फिरतो आणि पात्यासारखा लागतो. ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, मोज्याचा धागा गुंडाळला की हात ओढला जातो. डोळ्याला चष्मा हवाच. गावाकडचे म्हणतात, तिकडे जाऊन सेफ्टीवाला झाला. म्हणू देत. पायात नुसती चप्पल घालून ग्राइंडर चालवणाऱ्या मेस्त्रीचा हात इथल्या कित्येकांपेक्षा सफाईदार असतो हे मान्य, पण त्या सफाईने डोळ्यात उडालेली कणी अडत नाही.

आकार देण्याचं काम दोन प्रकारचं. हात-पाय-छाती हे एकाच दिशेने वळलेले भाग. ते ४ ते ६ इंची पाइप व्हाइसमध्ये धरून त्यावर हाताने दाबत वळवायचे, हातोडा जवळजवळ नकोच. कोपर, गुडघा, खांदा, डोकं हे सगळीकडून गोल. गुडघ्याला २०० मिमीची चकती, कोपराला १६०. बाभळीच्या ओंडक्यात वाटीएवढा खळगा करा किंवा दुहेरी चामड्याच्या पिशवीत कोरडी बारीक वाळू भरा, गच्च नव्हे, थोडी सैल. शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीतून वाळू मिळाली तर उत्तम, फक्त पिशवी घट्ट शिवलेली हवी, त्या वाळूची धूळ फुप्फुसाला वाईट. कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत यायचं, प्रत्येक घाव आधीच्या घावावर अर्धा. कडेला सुरकुती दिसली की थांबून ती लगेच बसवायची. दुमडली तर तिथे चीर ठरलेली.

ठोकता ठोकता अ‍ॅल्युमिनियम कडक होतं, हातोडा उसळायला लागतो. तेव्हा ते तापवून मऊ करावं लागतं आणि इथेच नवखे पत्रा वितळवतात, कारण अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही आणि ६६० अंशांना सरळ खाली गळतं. साध्या कपड्याच्या साबणाची वडी पत्र्यावर घासा, गॅसची ज्योत सतत फिरती ठेवा. साबणाचा डाग गडद तपकिरी-काळा झाला की बास, तेवढ्यात ३५०-४०० अंश आले. थंड होऊ द्या आणि पुन्हा ठोका.

गोलाई आल्यावर पृष्ठभाग खडबडीत भाजलेल्या पापडासारखा दिसतो. तो गुळगुळीत करणारा माणूस कोल्हापुरात प्रत्येक गॅरेजमध्ये आहे: डेंटिंगवाला. आतून डॉली, म्हणजे हातात धरायचा गुळगुळीत लोखंडी ठोकळा, बाहेरून चपटा गुळगुळीत हातोडा, हलके आणि पुष्कळ घाव. म्युनिकला हाइडहाउझेन भागात ‘हाउस डेअर आयगेनआर्बाइट’ नावाची सार्वजनिक कार्यशाळा १९८७ पासून आहे. कुणीही जाऊन धातूकामाची हत्यारं वापरावीत, सल्ला द्यायला जाणकार असतात. अशी एक कोल्हापुरात का नाही, हा प्रश्न पडतोच. पण मग वाटतं, चहा पाजला की डॉली हातात देणारा डेंटर असलेल्या गावाला ती कितपत लागणार? अर्थात तो डेंटर ओळखीचा असावा लागतो, आणि मुलगी एकटी गेली तर तिला डॉली देईल का, हेही आहे. इथे तो प्रश्न येत नाही.

कडा. इथल्या सुपरहिरोंच्या पोशाखांच्या मेळ्यांत दारातच पोशाखाची तपासणी होते आणि धातूची उघडी कड दिसली की आत सोडत नाहीत. राग येतो, पण गर्दीत लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर तुमची मांडी असते. महाद्वार रोडच्या गर्दीत तर जास्तच. साधी कड ६ मिमी आत दुमडून चपटी करा. गळा, बगल, मनगट इथे तार घालून कड वळवा: ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची तार, आणि वळवायला तारेच्या व्यासाच्या अडीच पट जास्तीचा पत्रा, म्हणजे साडेसात-आठ मिमी. हा वाढावा पुठ्ठ्यावरच धरून ठेवायचा.

जोडायला ३.२ मिमीचे पॉप रिवेट (एकाच बाजूने रिवेट गनने ओढून बसवायचे), भोक ३.३ चं, कडेपासून निदान साडेसहा मिमी आत. आधी सगळ्या भोकांत बारीक नट-बोल्ट घालून अख्खं कवच घालून बघा, मग एकेक बोल्ट काढून रिवेट मारा. पॉप रिवेटचं मागचं टोक टोचतं, म्हणून अंगाकडे येणाऱ्या जागी भरीव रिवेट: लांबी म्हणजे दोन्ही पत्र्यांची जाडी अधिक व्यासाची दीड पट. लोखंडी रिवेट अ‍ॅल्युमिनियममध्ये घामाने पांढरी भुकटी करतात, अ‍ॅल्युमिनियमचेच घ्या. पोटाच्या आणि खांद्याच्या पट्ट्या एकमेकांवर २५ मिमी चढवून बाजूला १५ मिमी लांबीच्या खाचेत सरकत्या रिवेटवर बसवा, मध्ये वॉशर. मारताना पट्ट्यांमध्ये जाड कागद ठेवा आणि नंतर ओढून काढा, नाहीतर रिवेट पट्टी जखडून टाकतो. पट्ट्यांच्या मधोमध मात्र आतून चामड्याचा पट्टा.

चामड्याच्या बाबतीत म्युनिकने कोल्हापूरशी स्पर्धा करू नये. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं असतं, ताणत नाही, रिवेट धरून ठेवतं. त्या चपलेला २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, कवचाच्या पट्ट्याला कुणी देणार नाही, पण माल तोच. ३ मिमी जाडीचे, २५ मिमी रुंद पट्टे कापून घ्या. एक लक्षात ठेवा: त्यातल्या टॅनिनचा, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्याचा, लोखंडाशी संबंध आला की काळे डाग पडतात आणि ते घामाबरोबर बनियनवर उतरतात. चामडं चामड्याला जोडताना पितळी किंवा तांब्याचे रिवेट आणि पितळी बकल लावा, पत्र्याला जोडताना मात्र अ‍ॅल्युमिनियमचेच रिवेट. सगळं वजन खांद्यावर टांगू नका, मांड्यांची पानं कमरेच्या रुंद पट्ट्याला अडकवा.

हेल्मेट दोन अर्ध्या वाट्यांचं, मधल्या रेषेवर आतून पट्टी लावून रिवेट केलेलं. मुखवटा कानशिलाजवळ एम५ बोल्टवर फिरतो, नायलॉन वॉशर आणि नायलॉक (आपोआप सैल न होणारा) नट लावला तर पाहिजे तिथे थांबतो. आत ४० मिमीचे दोन ५ व्होल्टचे पंखे, एक हवा आत घेणारा, एक बाहेर टाकणारा, पॉवर बँकवर. दिवे लावणार असाल तर त्यांच्या तारांच्या सगळ्या जोडांवर प्लास्टिकची स्लीव्ह चढवा, सगळं कवच वीज वाहतं. ते घालून गाडी चालवायची नाही. जर्मनीत २०१७ पासून गाडी चालवताना चेहरा झाकायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी बाजूचं काही दिसत नाही.

रंगाआधी थिनरने तेल काढा आणि अ‍ॅल्युमिनियमचा एचिंग प्रायमर मारा, साध्या प्रायमरवरचा रंग पहिल्या घासाला सोलतो. गाडीचा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग सर्वात टिकाऊ, पण त्यातलं आयसोसायनेट हे घातक रसायन साध्या कापडी मास्कला जुमानत नाही, तो बूथ असलेल्या पेंटरकडूनच मारून घ्या.

घालायचा क्रम खालून वर: बूट, पोटरी, मांडी, कंबर, छाती-पाठ, खांदे, हात, शेवटी डोकं. मदतीला एक माणूस लागतोच. छातीची बकलं डाव्या बाजूला हाताला येतील अशी लावा, चक्कर आली तर एका मिनिटात पुढचं पान सुटलं पाहिजे. मे महिन्यात दुपारी घालणार असाल तर अर्ध्या तासाने हेल्मेट काढा. उतरवल्यावर आतून ओल्या फडक्याने मीठ पुसा, चामडं सावलीत वाळवा, आणि सरकत्या रिवेटांना मेणाचा हात द्या. तेल नको, ते फोममध्ये झिरपतं.