बिघडायचं तर याच दिवसांत बिघड

बुधवार, रात्री. नवतपा, म्हणजे मेअखेरचे आग ओकणारे नऊ दिवस.

कूलर दिवसभर चालू होता, तरी आईच्या छातीवरच्या, हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या पॅचची एक कड घामाने सुटलीच. वरून टेप लावला. ती म्हणाली, "पाकिटासारखी चिकटवून राहिली मला!" दोन आठवड्यांचा हा पॅच निवडताना नागपूरचा मे महिना कोणाच्याच डोक्यात आला नाही. दुसरा इलाजही नव्हता म्हणा, पावसाळ्यापर्यंत थांबायला डॉक्टर तयार नव्हते.

मार्चमध्ये आईला मेंदूचा झटका येऊन लकवा मारला. हात बराच परत आला. चहाचा कप धरते, ब्लाउजचे हूक मात्र अजून मीच लावते. एमआरआयमध्ये गुठळीने झालेली इजा स्वच्छ दिसली. मानेच्या नसांचा डॉपलर चांगला, हृदयाचा इको चांगला, चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टरही चांगला. नातेवाइकांचे फोन आले, "सगळं नॉर्मल, देवाची कृपा!" मला त्या 'नॉर्मल'चीच धास्ती वाटते. सगळं ठीक असेल तर गुठळी आली कुठून? धंतोलीतले न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, गुठळीने येणाऱ्या झटक्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्शात नेहमीच्या तपासण्यांनंतरही कारण सापडत नाही.

त्यांचा संशय एट्रियल फिब्रिलेशनवर आहे. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. मग डाव्या कप्प्याला लागून असलेल्या छोट्या पिशवीत रक्त साचतं, गोठतं आणि एखादी गुठळी सुटून मेंदूत जाते. पंचाईत अशी की हे येतं आणि जातं, आणि बहुतेक वेळा माणसाला पत्ताही लागत नाही. होल्टर लावला त्या दिवशी आईचं हृदय शहाण्यासारखं वागलं, एवढंच त्या रिपोर्टवरून कळतं.

२०१४ साली कॅनडातल्या एका अभ्यासात अशाच, कारण न सापडलेल्या रुग्णांना तीस दिवस पट्टा लावला, तेव्हा १६ टक्क्यांत हा दोष निघाला. ज्यांचा पुन्हा एक दिवसाचाच होल्टर केला, त्यांच्यात ३ टक्क्यांत. डॉक्टरांनी हे आकडे सांगितले तेव्हा आई त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर पाहत होती. मी मात्र तेव्हापासून एक विचित्र इच्छा बाळगून आहे. रविवारी टेकडीच्या गणपतीसमोर हात जोडले आणि मागायचं काय तेच सुचेना. आईचं हृदय ठणठणीत राहू दे म्हणू, की पॅच लावलेला आहे तोवर एकदा तरी बिघडू दे म्हणू? बिघडू दे, हेच मागितलं. घरी कोणाला सांगितलं नाही.

कारण सापडलं तर औषध बदलेल. आता ॲस्पिरिन चालू आहे. फिब्रिलेशन निघालं तर रक्त पातळ करणारी दुसरी, जास्त जोरदार गोळी. मग तीच आत्ताच का सुरू करत नाही, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तेही करून झालंय. २०१८ आणि २०१९ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या. दोष सापडलेला नसताना केवळ संशयावर अशा गोळ्या दिल्या, पण पुढचे झटके ॲस्पिरिनपेक्षा कमी झाले नाहीत. पहिल्या चाचणीत तर रक्तस्राव वाढला आणि ती मधेच थांबवावी लागली. म्हणून आधी पकडायचं, मग गोळी.

दादाने पुण्याहून घड्याळ पाठवलंय. आईला ते मनगटावर मुळीच चालत नाही. बांगड्या मागे सारून बांधावं लागतं आणि खालून हिरवा उजेड निघतो. "काय पाहून राहिली त्यात सारखी?" म्हणते. घड्याळ त्या उजेडाने नाडी बघतं, पण अखंड नाही, अधूनमधून, हात स्थिर असला की. ईसीजी हवा तर दुसऱ्या हाताचं बोट तीस सेकंद टेकवायचं. रात्री हात सर्वांत शांत, आणि नेमकं तेव्हाच आमचं घड्याळ चार्जिंगला! दादा फोनवर म्हणतो, चार लाखांहून जास्त लोकांवर याचा अभ्यास झालाय. झालाय, खरं आहे. पण ती रस्त्यावरची साधी माणसं होती, झटका येऊन गेलेले रुग्ण नव्हेत. त्यातल्या अर्ध्या टक्क्यालाच इशारा आला. घड्याळ गप्प आहे म्हणजे आई सुरक्षित आहे, हे मी मानणार नाही. वाजलंच तर मात्र तडक धंतोली गाठीन.

पॅचवर एक बटण आहे, धडधडलं की दाबायचं. आज दुपारी मालिकेतल्या सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा आईने ते दोनदा दाबलं. तंत्रज्ञाला काय सांगू?

यातही काही निघालं नाही तर कातडीखाली बसवायचा छोटा रेकॉर्डर आहे. २०१४ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात त्याने वर्षभरात १२ टक्के रुग्णांत दोष पकडला, तीन वर्षांत ३० टक्के. म्हणजे कोणाचं हृदय दोन वर्षं गप्प राहून तिसऱ्या वर्षी बोलतं. खर्च बराच आहे. दादा म्हणतो बसवू. आई म्हणते, "आता छाती कापू देणार नाही." चीर बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसते, हे सांगून पाहिलं. तिने कूस बदलली आणि कूलरमध्ये पाणी आहे का ते बघ म्हणाली. शुक्रवारी टेप बदलताना विषय पुन्हा काढते.