अनोळखी हातातला कंट्रोलर: छोट्या गेम परिषदेला डेमो घेऊन जाताना

आज हजारो लोक ज्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सला (जीडीसी) जातात, ती १९८८ साली गेम डिझायनर ख्रिस क्रॉफर्ड यांच्या सॅन होजेमधल्या घरी, दिवाणखान्यात सुरू झाली. जेमतेम पंचवीस-तीस माणसं होती. ज्या प्रदेशात गेम बनवणं नुकतंच मूळ धरतंय, तिथली परिषदही साधारण याच टप्प्यावर असते: मोजके लोक, एकच सभागृह, दहा-पंधरा टेबलं आणि बाहेरून आलेले एक-दोन प्रकाशक. तिचं मोल स्टेजच्या लांबी-रुंदीवरून ठरवू नये. मोठ्या परिषदांमधली शेकडो भाषणं जीडीसी व्हॉल्टवर आणि यूट्यूबवर फुकट पाहता येतात, त्यामुळे शेडर (पडद्यावरचा रंग-उजेड ठरवणारा छोटा प्रोग्राम) किंवा लेव्हल डिझाइन शिकायला प्रवास करायची गरज नाही. रेकॉर्डिंगमध्ये न मिळणाऱ्या दोन गोष्टींसाठी मात्र जरूर जावं. एक म्हणजे आपला गेम अनोळखी हातात गेल्यावर काय होतं ते. दुसरी म्हणजे आपल्याच परिस्थितीतल्या माणसांनी कर, बँक, करार आणि पोर्टिंग (गेम दुसऱ्या यंत्रावर चालता करणं) ही कोडी कशी सोडवली ते.

पहिल्या गोष्टीसाठी डेमो हवा, आणि घरी चालणारा बिल्ड (गेमची तयार झालेली आवृत्ती) म्हणजे परिषदेचा डेमो नव्हे. लांबीपासूनच सुरुवात करा. टेबल दिवसाला आठ तास उघडं असेल तर हातात ४८० मिनिटं असतात. माणूस उठून दुसरा बसेपर्यंत, दोन शब्द बोलून होईपर्यंत तीन मिनिटं जातात. १० मिनिटांचा डेमो असेल तर एका मशिनवर दिवसाला साधारण ३६ जण खेळतात, २० मिनिटांचा असेल तर जेमतेम २०. शिवाय लांब डेमोत रांगेतला माणूस कंटाळून निघून जातो. तेव्हा दहा मिनिटांत गेमची मुख्य गंमत हाती लागलीच पाहिजे. कथेची प्रस्तावना कापा, ट्यूटोरियलला दीड मिनिटाच्या वर जाऊ देऊ नका, शेवट स्पष्ट दाखवा.

प्रत्येक खेळाडूला कोरी पाटी मिळायला हवी. ६० सेकंद कुणी काही दाबलं नाही तर शेवटची १० सेकंदं उलटी मोजणी दाखवून डेमो आपोआप टायटल स्क्रीनवर यावा. सेव्ह, भाषा, आवाज, कंट्रोल्स, सगळं मूळ स्थितीत. कटसीन (मधलं कथेचं दृश्य) चालू असताना मात्र हा टायमर थांबवा. यात एक छुपा घोटाळा असतो. जुन्या कंट्रोलरची स्टिक मधोमध स्थिर राहत नाही, किंचित सरकलेलीच असते. गेमला वाटतं कुणीतरी खेळतंय, आणि रीसेट कधीच होत नाही. डेडझोन, म्हणजे स्टिकची जेवढी हालचाल गेमने दुर्लक्षायची ती मर्यादा, पूर्ण हालचाल १ धरून ०.२ च्या आसपास ठेवला की हा त्रास बहुतेक वेळा मिटतो. जोडीला हाताने रीसेट करायची एक गुपित जोडणी हवीच, उदाहरणार्थ दोन बटणं तीन सेकंद धरून ठेवणं. गेम क्रॅश झालाच तर तो लगेच पुन्हा उघडणारी चार ओळींची बॅच फाइल लिहून ठेवा, आणि प्रत्येक वेळचा लॉग वेगळ्या फाइलमध्ये वेळेसकट साठवा. परिषदेत सापडलेला क्रॅश सोन्यासारखा असतो, पण लॉग नसेल तर तो हातचा जातो.

आता विंडोज. शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची खिडकी पुढे येते, आणि धावायला शिफ्ट असलेल्या गेममध्ये हे दर दहा मिनिटांनी होतं. ती सोय आधीच बंद करा. एक्सबॉक्स कंट्रोलरवरच्या मधल्या बटणाने उघडणारा गेम बार बंद करा. अपडेट दोन आठवड्यांसाठी थांबवा, नोटिफिकेशन बंद, स्क्रीन झोपणं बंद. डेमो स्टीममधून (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान आणि त्याचं ॲप) चालवणार असाल तर घरीच लॉगिन करून, ऑफलाइन मोडमध्ये टाकून, मशिन एकदा बंद-चालू करून पाहा. सभागृहातल्या वाय-फायवर काहीही अवलंबून ठेवायचं नाही. प्लेस्टेशनचा कंट्रोलर वापरत असाल तर स्टीम इनपुट (कंट्रोलरची बटणं स्टीमनेच गेमपर्यंत पोहोचवायची सोय) आणि गेमचा स्वतःचा सपोर्ट, दोन्ही एकाच वेळी चालू नाहीत ना ते तपासा. तसं असेल तर एका उडीच्या जागी दोन उड्या जातात, आणि खेळाडूला वाटतं की गेमच बिघडलाय.

कंट्रोलर वायरचाच न्या. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, त्याच पट्ट्यात वाय-फायही असतं, आणि शे-दोनशे फोन असलेल्या खोलीत बटण दाबल्यावर उशिरा प्रतिसाद येऊ लागतो. यूएसबी ३ च्या पोर्टजवळही याच पट्ट्यात गोंगाट होतो, म्हणून वायरलेस डोंगल त्याच्या शेजारी खुपसला की आणखी बिघडतं. वायर टेबलाला चिकटपट्टीने पक्की करा, पण खेळाडूच्या बाजूला हातभर सैल ठेवा. कुणी वायरीत पाय अडकवला तर ओढ पट्टीवर यावी, पोर्टवर नाही. दोन जादा कंट्रोलर, दोन जादा वायरी, एक्स्टेंशन बोर्ड, सॅनिटायझर आणि डेमोच्या दोन प्रती असलेले दोन पेनड्राइव्ह, एवढी पिशवी पुरते. लॅपटॉप कायम चार्जरवर, आणि त्याच्या स्वतःच्याच चार्जरवर. बॅटरीवर बहुतेक गेमिंग लॅपटॉप ग्राफिक्स कार्डचा वेग उतरवतात.

पडदा मोठा हवा म्हणून टीव्ही मागवला असेल तर त्याचा गेम मोड चालू करा. नाहीतर चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत उशीर वाढतो आणि अचूक उड्यांचा गेम खेळवतच नाही. ओव्हरस्कॅनही पाहा, त्यात टीव्ही चित्राच्या कडा पडद्याबाहेर ढकलतो आणि कडेला लिहिलेले गुण कापले जातात. गडद गेम असेल तर सभागृहातल्या दिव्यांखाली काही दिसत नाही, तेव्हा परिषदेपुरता उजेड वाढवलेला बिल्ड वेगळा ठेवा. सबटायटल मुळातच चालू असू द्या, कारण गोंगाटात आवाजातली सूचना ऐकू जात नाही. आणि शक्य असेल तर तेच चित्र दाखवणारा दुसरा पडदा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. खेळणाऱ्याच्या डोक्याआड गेलेला पडदा जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवत नाही.

या सगळ्या तयारीचं फळ मिळतं ते खेळाडू खुर्चीत बसल्यावर, आणि तेव्हा तोंड बंद ठेवावं लागतं. हे भल्याभल्यांना जमत नाही. गेम बनवणारा बाजूला उभा राहून ‘तिथे उजवीकडे जा’ म्हणतो आणि त्या क्षणी निरीक्षण संपतं. खेळाडूच्या मागे तिरकं उभं राहा, त्याच्या नजरेत येऊ नका, हातात कागद ठेवा. कागदावर डेमोची सात-आठ ठिकाणं ओळीने लिहिलेली असावीत, आणि समोर तीनच खुणा: अडकला, मान वळली, कंट्रोलर खाली ठेवला.

यातली मधली खूण सगळ्यात मोलाची. माणूस गोंधळला की आधी अंगठा थांबतो. मग स्टिक थोडी डावीकडे-उजवीकडे फिरते, कॅमेरा उगाच गोल जातो, आणि तीन-चार सेकंदांत मान वळून नजर तुम्हाला शोधते. तो तोंडाने तक्रार करत नाही, उठताना ‘मस्त आहे’ म्हणूनच जातो. बनवणाऱ्यासमोर कुणी वाईट बोलत नाही, तेव्हा त्या ‘मस्त’वर विसंबू नका. ३६ पैकी १५ जणांची मान एकाच दरवाजापाशी वळली असेल तर तो दरवाजा दिसत नाही, संपलं. उजेड, रंग किंवा कॅमेऱ्याचा कोन बदला. तिघांचीच वळली असेल तर सोडून द्या. रात्री खोलीवर जाऊन छोटा बदल करता येतो, पण तसं केल्यास दुसऱ्या दिवशीच्या खुणा वेगळ्या कागदावर घ्या आणि नवीन बिल्ड किमान तासभर चालवून मगच टेबलावर ठेवा. जुना बिल्ड पुसू नका.

हे निरीक्षण आधी होणं का महत्त्वाचं, तर स्टीम नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा स्टीमवरचा मेळा. तो वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये होतो, आणि एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. तिथे न दिसणारा दरवाजा फार महागात पडतो. परिषद ही त्याची रंगीत तालीम समजा.

विशलिस्टसाठी (हवे असलेले गेम खेळाडू स्टीमवर नोंदवतो ती यादी) क्यूआर कोड सगळेच लावतात. तो जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या साधारण दहावा हिस्सा मोठा हवा, म्हणजे दीड मीटरवरून वाचायला १५ सेंटिमीटर. लिंकला यूटीएम टॅग जोडा, पोस्टरला वेगळा आणि कार्डाला वेगळा, म्हणजे कुठून किती लोक आले ते स्टीमच्या अहवालात दिसतं. मात्र विशलिस्ट करायला लॉगिन लागतं, आणि फोनच्या ब्राउझरमध्ये ते बहुतेकांचं नसतं. म्हणून हातात देता येईल असं छापील कार्डही ठेवा.

प्रकाशकाची भेट शक्यतो आधीच ठरवा. अनेक परिषदा मीटटुमॅचसारखी वेळ ठरवायची सोय देतात. तिथे गेमची एक ओळ, १५ सेकंदांचं चालू खेळाचं दृश्य आणि काय हवंय ते लिहा. अर्ध्या तासाची भेट असेल तर नमनाला घडाभर तेल नको. कंपनीचा इतिहास, जागतिक बाजारपेठेचा आलेख हे सगळं वगळा, पहिल्या मिनिटात गेम त्यांच्या हातात द्या. आणि पैसे मागायला गेलात तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका, आकडा सांगा. तो मोजायची रीत सोपी आहे: ४ माणसं, १४ महिने, म्हणजे ५६ मानव-महिने. त्याला दरमहा खर्चाने गुणा, चाचणी, भाषांतर आणि पोर्टिंग वेगळं धरा, वर १५ ते २० टक्के अडीअडचणीसाठी. स्वतःचा पगार शून्य लिहिणं ही नव्या टीमची नेहमीची चूक. समोरच्याला त्यातून काटकसर दिसत नाही, हे लोक मधेच थकून सोडतील ही शक्यता दिसते.

कराराची गोष्ट निघाली तर एक प्रश्न आवर्जून विचारा: रिकूप, म्हणजे प्रकाशकाने आधी दिलेल्या पैशांची वसुली, कुणाच्या वाट्यातून? समजा प्रकाशकाने ५०,००० डॉलर दिले आणि वाटणी निम्मी-निम्मी आहे. स्टीम सुरुवातीला ३० टक्के घेतं, म्हणजे कर आणि परतावे वजा केल्यावरच्या शंभरातले ७० उरतात. ते सगळे ७० आधी वसुलीकडे जात असतील तर साधारण ७१,४०० डॉलरच्या विक्रीनंतर तुम्हाला पैसे सुरू होतात. वसुली फक्त तुमच्या वाट्यातून, म्हणजे ३५ मधून होत असेल तर तीच रेघ जवळपास १,४२,९०० डॉलरवर जाते, आणि तोवर प्रकाशक आपला वाटा घेतच असतो. करारात हा फरक एका वाक्याचा असतो. कामाचा ठरलेला टप्पा पूर्ण करून दिल्यावर मंजुरी किती दिवसांत द्यायची आणि प्रकाशकाने गेम सोडून दिला तर हक्क परत कसे येतील, हेही तिथेच विचारून घ्या.

आता ज्यासाठी छोटी परिषद खरोखर मोठी ठरते ते. स्टीमच्या नोंदणीत कराची प्रश्नावली असते. कर-कराराचा लाभ मागितला नाही किंवा तुमच्या देशाचा अमेरिकेशी तसा करारच नसेल, तर अमेरिकेतल्या विक्रीच्या तुमच्या वाट्यातून ३० टक्के कापले जातात. एकट्या व्यक्तीसाठी डब्ल्यू-८बीईएन आणि कंपनीसाठी डब्ल्यू-८बीईएन-ई हा फॉर्म लागतो, हे कुठेही वाचायला मिळतं. पण तुमच्या देशाच्या करारातलं कोणतं कलम लावायचं, बँक परदेशी रकमेवर कोणते कागद मागते, गेमचे करार वाचता येणारा वकील कोण, कन्सोलचं पोर्टिंग कुणी केलंय, हे चहाच्या टेबलावर शेजारची टीम सांगते, आणि तिने हे सगळं गेल्याच वर्षी सोसलेलं असतं. जाताना असे पाच नेमके प्रश्न लिहून न्या. ‘मार्गदर्शन करा’ म्हटलं की कुणालाच काही सुचत नाही, पण ‘पहिली रक्कम यायला किती दिवस लागले?’ म्हटलं की माणूस मोकळा होतो. आपल्याला ठाऊक असलेलंही तितक्याच मोकळेपणाने सांगा.

कुणाचं कार्ड घेतलं की लगेच त्यामागे दोन शब्द लिहा: काय बोलणं झालं, काय पाठवायचंय. तीन दिवसांच्या आत पत्र जावं, त्यात बिल्डची की (गेम उघडायचा कोड) आणि मागितलेलीच गोष्ट असावी. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. शेजारच्या टेबलावरच्या टीमला मात्र आठवड्याभरातच लिहा आणि दर महिन्याला एकमेकांचा बिल्ड खेळायचं ठरवून टाका. मान कुठे वळली ते लिहायचा कागद दोघांकडे सारखाच ठेवा.