पुरुमेंताला मुहूर्त फेस्ताचा

गोव्यातल्या हिंदू घरात लग्नाचा मुहूर्त भटजी काढून देतात, पेरणी नक्षत्र बघून होते. पण पावसाळ्याची बेगमी भरायची ती इगर्जीच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक उत्सवाला. सुकी मासळी, मीठ, मिरची, सोलं (आमसुलं), चिंच, कांद्याच्या माळी या सगळ्या भरण्याला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. हे पुरुमेंत कुठे घ्यायचं विचारलं, तर कपाळभर कुंकू लावणारी आजीसुद्धा सांगते, ‘मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताक.’ सायबीण म्हणजे मेरी माता. आजीला त्यात वावगं काही वाटत नाही. सासूनं तिथूनच आणलं, सासूच्या सासूनंही.

ख्रिस्ती धर्मानं गोव्याला काय दिलं, यावर बोलायला बसलं की लोक पांढऱ्याशुभ्र देवळांसारख्या इगर्जी, व्हायोलिन आणि पाव एवढ्यावर थांबतात. मला यातली सर्वांत खोल गेलेली गोष्ट तारीख वाटते. देव ज्याचा त्याचा राहिला, पण बाजाराचा दिवस दोघांचा झाला.

ही तारीख दर वर्षी हलते आणि हलते ती चंद्रावर. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पंचांगाच्या भाषेत बोलायचं तर बहुतेक वर्षी शिगम्याची किंवा हनुमान जयंतीची पौर्णिमा झाली की लगेचचा रविवार. त्यामुळे ईस्टर 22 मार्चच्या आधी येत नाही आणि 25 एप्रिलच्या पुढे जात नाही. ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी, सोमवारी, म्हापशाला सां जेरोमच्या इगर्जीत मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, आणि त्या सुमाराला मडगावच्या होली स्पिरिट चर्चचं फेस्त. मडगावच्या या फेस्ताला लोक सरळ पुरुमेंताचं फेस्तच म्हणतात. उत्तरेकडच्या बार्देश तालुक्यातल्यांचं पुरुमेंत म्हापशाला, दक्षिणेकडच्या साश्टीकरांचं मडगावला, असा साधारण रिवाज.

म्हापशाच्या फेस्ताला हिंदू भाविकही मोठ्या संख्येनं जातात आणि सायबिणीला तेल घालतात. लोकश्रद्धेत ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे बऱ्याच वर्षी दोघी बहिणी काही दिवसांच्या अंतरानं आपापल्या गावी माणसं गोळा करतात. खाजेवाले दोन्हीकडे तेच. बेसनाच्या कांड्या तळून आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवणाऱ्या या कुटुंबांकडे जत्रांची आणि फेस्तांची मिळून एकच यादी असते. सर्वधर्मसमभावावर भाषण देणाऱ्यांनी एकदा ती यादी मागून बघावी.

आता खरेदीकडे. पुरुमेंताचा जीव सुक्या मासळीत. यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस समुद्रबंदी असते, आणि कायदा नव्हता तेव्हाही खवळलेल्या दर्यात कोणी होडी घालत नव्हतं. चार माणसांच्या घराला साधारण किलोभर सुकी सुंगटं (कोळंबी), अर्धा किलो गालमो (जवळा), पंचवीस-तीस खारे बांगडे आणि थोडी सुकी मोरी (शार्क) एवढं पुरतं. सुंगटं मुठीत घेऊन दाबायची. मूठ उघडल्यावर सुटी झाली तर घ्यायची, गोळा राहिला तर ती नीट वाळलेली नाहीत. वजन वाढावं म्हणून ओलसर ठेवलेला माल सकाळच्या गर्दीत सहज खपतो. वासाचंही तसंच. सुक्या मासळीला वास असणारच, पण नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला तर ती वाळत घालण्याआधीच उतरलेली होती. खाऱ्या बांगड्याचं पोट उघडून कण्याच्या कडेला बघावं. तिथे गुलाबी किंवा तांबूस झाक असेल तर तो ठेवून द्यावा. मिठातच जगणारे जंतू असतात, हवा दमट झाली की तेच रंग धरतात आणि एका बांगड्यावरून डबाभर पसरतात.

घरी आणून थेट डब्यात भरणं ही नव्या सुनेची ठरलेली चूक. फेस्ताच्या दिवसभरात माल उघड्यावर असतो, त्यावर माश्या बसलेल्या असतात. दोन-तीन कडक उन्हं द्यायची, वरून पातळ फडकं टाकून. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मासळी सुपात पसरून पूर्ण निवू द्यायची आणि मगच डबा. गरम भरली की आतल्या आत वाफ धरते, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब साचतात आणि जुलैत डबा उघडला की पांढरी बुरशी. गालम्याचा डबा वेगळा ठेवायचा, कारण त्याचा चुरा लवकर दमट होतो. ऐन पावसात एखाद्या दिवशी ऊन पडलं तर सगळी कामं बाजूला ठेवून डबे अंगणात. मग अशा दिवशी घरात किसमूर होते: सुंगटं मंद आचेवर कुरकुरीत भाजायची, डोकं-शेपटी काढायची, वर ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि चिंचेचा कोळ. कालवायची ती ताटं वाढल्यावर, नाहीतर मऊ पडते.

मीठ हा दुसरा जिन्नस, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. गोव्यातल्या मिठागरांचं मीठ करडं, जाड खड्यांचं. ताजं मीठ पाणी सोडतं, कारण त्यात कडू क्षार मिसळलेले असतात आणि तेच हवेतला ओलावा ओढतात. म्हणून मीठ टोपलीत घालून टोपली उंचावर ठेवायची, खाली भांडं. आठवडाभरात कडू पाणी गळून जातं. उरलेलं मीठ चिनी मातीच्या भरणीत. लोणच्याला, सोलांना हेच गळलेलं जुनं मीठ लागतं, ताज्या मिठात लोणचं कडवट होतं आणि पाणचटही.

या मिठावरूनच एक जुनी, न विसरण्यासारखी गोष्ट. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, 1560 मध्ये बसलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत राहिलं. त्याच्या 1736 च्या फर्मानात बाटलेल्या कुटुंबांना ज्या हिंदू चालीरीतींची बंदी होती, त्यांत भात मिठाशिवाय शिजवणं हेही होतं. हिंदू घरांत भात अळणी शिजायचा, म्हणून भाताच्या भांड्यावरून धर्म ओळखायची सोय. श्रद्धेचा रोजच्या जगण्यावर प्रभाव म्हणतात तो असाही पडलेला आहे. फेस्ताच्या गोड आठवणी सांगताना हा खडा वगळू नये.

सोलं विकतची घेतली तरी चालतात, पण ज्यांच्याकडे भिरंडाचं (कोकमाचं) झाड आहे ते घरी करतात. पिकलेली भिरंडं फोडून गर आणि साल वेगळी करायची, गरात मीठ घालून त्याचा रस सुटू द्यायचा, आणि साली रोज त्या रसात बुडवून उन्हात वाळवायच्या. पाच-सहा दिवसांत काळी, मऊ, चिवट सोलं तयार होतात. वळीव आला आणि साली भिजल्या की सगळं गेलं, म्हणून हे काम एप्रिलअखेरीला सुरू करावं. चिंचेचे चिंचोके काढायचेच, किडे तिथूनच होतात. कांद्याच्या माळी पूर्वी चुलीवर टांगत, धुरामुळे त्यांना कोंब फुटत नसत. आता धूर नाही, निदान वारा लागेल अशा जागी टांगाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. मिरची खोल किंवा हरमल या गावांची मिळाली तर उत्तम. ती देठासकट घ्यावी, देठ तुटला की तिथून ओल शिरते.

ख्रिस्ती घरांत याच दिवसांत चोरीस, म्हणजे गोव्याची सॉसेजेस, होतात. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे मीठ लावून रात्रभर वजनाखाली दाबायचे, उन्हात सुकवायचे आणि माडाच्या सुरेच्या (माडीच्या) व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मसाल्यात मुरवायचे. वाटताना पाण्याचा एक थेंब गेला तरी ते पावसाळा काढत नाहीत. मग आतड्यात भरून दोऱ्यानं गाठी मारायच्या, पुन्हा ऊन आणि धूर. शेजारच्या हिंदू घरात चोरीस शिजत नसतील, पण मसाल्याला लागणारी मिरची आणि व्हिनेगर दोन्ही घरांनी बहुधा एकाच दुकानातून घेतलेली असतात.

फ्रीज आल्यापासून पुरुमेंताची गरज उरली नाही, असं म्हणणारे बरेच भेटतात. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये सुकी मोरी उन्हात घालणार कुठे, आणि घातली तर सोसायटीचा सेक्रेटरी जिना चढून येणार, हे खरंच आहे. पण फ्रीजमध्ये सुकी मासळी ठेवली की आठवड्यात दुधालाही तिचाच वास येतो, आणि आषाढात दोन दिवस वीज गेली की बर्फातल्या पापलेटाचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून फेस्ताची गर्दी काही कमी होत नाही. फक्त किलोच्या जागी पाव किलो आलं.

खरा घोळ तारखेचा. ईस्टर चंद्रावर चालतो, पाऊस काही चंद्राला विचारून येत नाही. गोव्यात मान्सून सरासरी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. 2008 साली ईस्टर 23 मार्चला होता, पेंटेकॉस्ट 11 मे, म्हणजे मडगावला घेतलेल्या मालाला ऊन द्यायला तीन आठवडे हाताशी. 2025 साली ईस्टर 20 एप्रिलला, पेंटेकॉस्ट 8 जून, आणि पाऊस मे महिन्यातच येऊन ठेपलेला. त्या वर्षी ज्यांनी मडगावच्या फेस्ताची वाट पाहिली त्यांना ओला माल ओल्या हवेत भरावा लागला. म्हणून जाणत्या बायका आधी ईस्टर कधी आहे ते बघतात. एप्रिलच्या मध्यापलीकडे असेल तर मासळी म्हापशाच्या फेस्तातून किंवा तिथल्याच शुक्रवारच्या बाजारातून आधीच आणून टाकायची, मडगावच्या फेस्ताला फक्त खाजे, कोयते, सुपं आणि आदाळे (विळ्या) घ्यायचे. 2038 मध्ये ईस्टर 25 एप्रिलला येतो, त्याच्या पुढे तो जाऊच शकत नाही. मिलाग्रीशीचं फेस्त तेव्हा 10 मे आणि पेंटेकॉस्ट 13 जून, म्हणजे त्या वर्षी साश्टीकरांनाही सुकी सुंगटं घ्यायला म्हापसाच गाठावं लागेल.